पाव किलोची फेक

वीतभर लांबीचा नकली ट्राउट तळहातावर घेतला की आधी जाणवतं त्याचं वजन. पाठ हिरवट करडी, अंगावर बारीक काळे ठिपके, कुशीवरून गेलेली फिकट गुलाबी पट्टी, आणि शेपूट इतकी मऊ की बोटाने मुडपली तरी क्षणात सरळ होते. डोळे या कारागिरीत रमतात. हाताला मात्र कळतं ते एवढंच, की ही वस्तू शंभर ग्रॅमच्या आसपास आहे. याहून मोठी स्विमबेट, म्हणजे अशी पोहत्या माशासारखी नकली आमिषं, पाव किलोच्या घरात जातात. असं आमिष रॉडच्या टोकाला लटकवून दूरच्या बुडालेल्या खडकापाशी उतरवायचं, संथपणे ओढत आपल्यापाशी आणायचं, आणि पुन्हा फेकायचं. पहाटेपासून उन्हं चढेपर्यंत एवढंच काम.

अशा फेकीसाठी रॉड घ्यायला निघालेली माणसं बहुतेक करून माशाचं बोलतात. दहा पौंडाचा बास लागला तर पेलेल का, मोडणार तर नाही ना? मला वाटतं, प्रश्न उलट्या टोकाने धरला जातो. मोठा बास लागणं ही एखाद्या ऋतूत एखाद्या वेळी घडणारी गोष्ट. फेक मात्र दर चार-दोन मिनिटांनी आहेच. रॉड निवडायचा तो मासा न लागता जाणाऱ्या या लांबलचक तासांसाठी. त्या तासांत जो हाताला सुखाचा वाटतो, तो मासाही नीट सांभाळतो.

हा सगळा नाद सुरू झाला दक्षिण कॅलिफोर्नियात, आणि त्याच्या मुळाशी आहे तिथलं पाणी. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर कस्टेक तलाव आहे. भोवतीचे डोंगर कोरडे. वसंत सरता सरता गवत वाळून पिवळंधमक होतं. त्या उघड्या डोंगरांमधलं हे निळं पाणी तिथल्या पावसाचं नाहीच. उत्तर कॅलिफोर्नियातल्या नद्यांचं पाणी शेकडो किलोमीटरच्या कालव्यातून दक्षिणेला येतं. तेहाचपी डोंगरांच्या पायथ्याशी एडमन्स्टनचे पंप ते ५८७ मीटर वर उचलतात, आणि असं डोंगर ओलांडून आलेलं पाणी १९७३ मध्ये पूर्ण झालेल्या धरणामागे येऊन थांबतं. त्यात फिरणारा बासही बाहेरचाच. फ्लोरिडाकडच्या जातीचे लार्जमाउथ बास १९५९ मध्ये सान डिएगोच्या तलावात आणून सोडले, आणि तिथून ते दक्षिणेतल्या बाकीच्या तलावांत पोचले. ही जात मुळातच थोराड वाढणारी. त्यात तिला खाऊ मिळाला तो ट्रकमधून. गरवणाऱ्यांच्या हौसेसाठी थंडीच्या दिवसांत तलावात रेनबो ट्राउट सोडतात. पैदास केंद्राच्या हौदांत वाढलेले, अंगाने भरलेले, शत्रू कधी न पाहिलेले मासे. असा आयता घास हिवाळाभर मिळाल्यावर बासची पोटं सुटत गेली.

१९८० मध्ये तिथल्याच कसिटस तलावात २१ पौंड ३ औंसांचा बास मिळाला. मार्च १९९१ मध्ये कस्टेकमधून २२ पौंडांचा निघाला. जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जियात धरलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या बासचा जागतिक विक्रम आता पडणार, असं कॅलिफोर्नियातल्या लोकांना मनापासून वाटू लागलं. आणि जो मासा वीतभर ट्राउट गिळतो त्याच्यापुढे बोटभर प्लास्टिकची अळी कशाला नाचवायची, असा साधा प्रश्न काही जणांना पडला. ॲलन कोल यांचा एसी प्लग त्यातूनच आला. सांध्यात हलणारं लाकडी अंग आणि मागे मऊ शेपूट. पुढे हुबेहूब ट्राउटसारखी मऊ स्विमबेट निघाली. आमिषं वाढली, पण त्यांना पेलेल असा बासचा रॉड कुठे होता? पहिल्या मंडळींनी समुद्रावरचे दणकट रॉड आणून काम भागवलं. मोठ्या स्विमबेटचा रॉड आज वेगळ्या घडणीचा मिळतो, तो त्यांच्या दुखऱ्या खांद्यांमुळे, असंच मी मानते.

जपानने ही आमिषं उचलली आणि त्यांत जीव ओतला. गॅन क्राफ्ट, डेप्स या तिथल्या कंपन्यांची सांधेदार आमिषं पाण्यात अशी वळतात की जवळच्या माणसालाही क्षणभर मासा वाटावा. २ जुलै २००९ रोजी बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना १०.१२ किलोचा बास मिळाला. पेरींचा होता १०.०९ किलोचा. तरी विक्रम दोघांच्या नावावर राहिला, कारण नियमाप्रमाणे या वजनाच्या माशाला जुना विक्रम मोडायला किमान २ औंस जास्त भरावं लागतं. कुरितांचा मासा जिवंत ब्लूगिलवर आला होता, हेही सांगायला हवं. कसिटसचा तो प्रचंड बासही जिवंत क्रेफिशवर आलेला. नकली आमिषाने वर्षानुवर्षं फेकत राहणाऱ्यांना हे ठाऊक असतं, आणि तरी ते फेकतात. बिवाच्या या माशामागे जपानचं एक दुखणंही आहे. १९२५ मध्ये आशी सरोवरात आणलेला बास देशभर पसरला, स्थानिक माशांवर उठला, आणि २००५ पासून कायद्याने तो उपद्रवी परका ठरला. मोठ्या माशाच्या आनंदात ही गोष्ट विसरू नये, असं मला फार वाटतं.

विक्रमाला लागणाऱ्या त्या २ औंसांपासूनच आपल्या रॉडची मोजदाद सुरू होते. मुठीच्या वर बारीक अक्षरांत दोन आकडे छापलेले असतात: किती वजनापासून किती वजनापर्यंत फेकावं. मोठ्या स्विमबेटच्या रॉडवर २ ते ८ औंस, म्हणजे ५७ ते २२७ ग्रॅम, असं काहीसं वाचायला मिळतं. बनवणारे या आकड्यांत बरेच उदार असतात. २ औंसांना असा रॉड जेमतेम जागा होतो. ८ औंसांना कण्हतो. त्याची खरी मर्जी मधेच कुठेतरी, तीन ते पाच-सहा औंसांत. म्हणून आपण नेहमी वापरणार ते आमिष दुकानात सोबत न्यावं, टोकाला लटकवावं आणि हळूच झुलवून पाहावं. टोक नुसतंच लोंबलं तर रॉड कमी पडला. काही हाललंच नाही तर तो आपल्या आमिषाला ओळखत नाही. वजनाबरोबर बाक टोकाकडून मधल्या भागापर्यंत सरकत उतरला, तर पुढे बोलायला हरकत नाही.

कारण सगळी गोष्ट वाकण्याची आहे. आमिष मागे झुलवून पुढे आणताना त्याचा भार रॉडला मागे ओढतो. रॉड वाकतो, आपल्या खांद्याने दिलेलं बळ त्या बाकात क्षणभर साठतं आणि बाक सरळ होताना आमिषाला मिळतं. ताठ रॉडमध्ये हे साठवणं होत नाही. सगळा झटका मनगटाने द्यायचा आणि मनगटानेच सोसायचा. कावड वाहणाऱ्याच्या खांद्यावरचा बांबू ज्याने पाहिलाय त्याला हे समजावून सांगायला नको. पावलागणिक तो लवतो, उसळतो, ओझ्याचा हिसका खांद्यापर्यंत पोचण्याआधी स्वतः पिऊन टाकतो. त्याच्या जागी न लवणारा वासा घेतला तर तेवढंच ओझं खांदा सोलून काढतं. रॉडच्या दुकानात ज्याला मॉडरेट किंवा मॉडरेट-फास्ट म्हणतात तो लवणारा. एक्स्ट्रा-फास्ट म्हणतात त्याचं फक्त टोक वाकतं. लहान आमिषाला तो छान. शंभर ग्रॅमला नाही.

फेकही त्या लवण्याला साजेशी हवी. टोकापासून दीड हात दोरी खाली सोडायची, दोन्ही हात मुठीवर घ्यायचे, आमिष मागे पूर्ण झुलू द्यायचं, त्याचा भार काठीत उतरल्याचं जाणवलं की मगच पुढे आणायचं. वरचा हात ढकलतो, खालचा पोटाकडे ओढतो. घाई केली, रीळ मधेच अडकलं, की दोरी तुटते आणि महागडं आमिष एकटंच तलावात उडून जातं.

लवणारी वस्तू माणूस शोधत आलाय त्याला बराच काळ झाला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले कारागीर बांबूच्या पट्ट्या चिरून, चिकटवून रॉड करत, तेव्हा त्यातला बांबू आपल्या बाजूचा होता. कलकत्त्याच्या बंदरातून गेलेला म्हणून त्याचं नाव कलकत्ता केन. नंतर चीनच्या टोंकिन बांबूने त्याला मागे टाकलं. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आले, आणि १९७३ मध्ये कॅलिफोर्नियाच्याच फेनविकने कार्बन तंतूंचा रॉड बाजारात आणला. कार्बन हलका आणि चपळ. जितका ताठ आणि महाग, तितका ठिसूळही. काचतंतूचा स्वभाव सहनशील, खोलवर वाकणारा, पण आठ फुटांचा निव्वळ काचेचा रॉड टोकाकडे जड लागतो आणि दुपारपर्यंत हात उतरवतो. मोठ्या स्विमबेटसाठी माझा कौल मध्यम ताठरपणाच्या कार्बनला, किंवा कार्बन आणि काच एकत्र विणलेल्याला. सर्वांत हलका, सर्वांत महाग रॉड इथे मुद्दाम टाळावा.

आमिषाप्रमाणे थोडा फरक पडतो. तळाशी संथ ओढायच्या मऊ ट्राउटच्या पाठीत बहुधा एकच जाड गळ असतो. तो रुतवायला रॉडच्या खालच्या भागात जोर लागतो. सांधेदार ग्लाइडबेटला तिहेरी गळ असतात, ते सहज रुततात आणि हिसका बसला तर तसेच सहज सुटतात, म्हणून तिथे आणखी मवाळ रॉड बरा. दोरी २०-२५ पौंडांची नायलॉन किंवा फ्लुओरोकार्बन चालते. ६५ पौंडांची वेणीची दोरी घेतली तर ती ताणत नाही, तेव्हा तिच्या वाट्याचं ताणणंही रॉडलाच करावं लागतं. रिळाबद्दल एवढंच, की ते मोठं असावं.

आणि मासा लागतो तेव्हा? तेव्हाही वाकणंच कामी येतं. लांब काठी तरफेसारखी, पण माशाच्या बाजूची. जितकी लांब तितका माशाचा जोर आपल्या हातांवर जास्त. रॉड खोलवर वाकला की टोक जवळ येतं, तरफ आखूड होते, भार जाड बुंध्यावर उतरतो. ताठ रॉडवाला पूर्ण आठ फुटांशी झगडत असतो, लवणाऱ्या रॉडवाला त्याच्या अर्ध्याशी. मासा लवकर काठाला येतो, फार दमत नाही आणि गळ काढून पाण्यात सोडला की आपल्या बळावर खाली जातो. कस्टेकमध्ये मी बास परत सोडते, म्हणून मला हे जिव्हाळ्याचं.

राहिली लांबी. साडेसात ते साडेआठ फुटांचे रॉड मिळतात, आणि पुस्तकी सल्ला आठ फुटांचा आहे. लांब रॉडचं टोक मोठ्या कमानीतून फिरतं, म्हणून हात सावकाश फिरवूनही आमिषाला वेग येतो. काठावरच्या झुडपांवरून फेकतानाही बरं पडतं. पण हे रॉड बनतात ते सहा फुटी पुरुष डोळ्यांपुढे ठेवून, आणि मी पाच फूट एक इंच. दुकानात उभं राहून जे पाहायचं ते मुठीपाशी. रीळ हातात धरून मागचा दांडा कोपराखालून जाऊ द्यावा. कोपराच्या पुढे तो चार बोटं आला तर ठीक. वीतभर आला तर प्रत्येक फेकीला कपड्यात अडकेल आणि आमिष ओढताना बरगडीत रुतेल. दांडा फारच आखूडही नको, कारण दोन हातांमधलं अंतर दुप्पट झालं की प्रत्येक हाताला लागणारं बळ निम्म्यावर येतं. यातला आपला मध्य आपल्यालाच शोधावा लागतो. मी घेतलाय तो पावणेआठ फुटांचा, ६ औंसांपर्यंतचा, आणि त्याचा दांडा मागून तीन बोटं कापून, बूच पुन्हा चिकटवून आणलंय. रॉड बांधणारे कारागीर हे काम करून देतात. कापण्याआधी मागच्या टोकाला थोडं शिसं भरता येईल का तेही विचारावं, म्हणजे रीळ लावल्यावर टोक खाली झुकत नाही.