रंगाखालची चीर

पुणतांब्यात आमच्या अब्बांचं वेल्डिंगचं दुकान होतं. नांगर, पाण्याच्या टाक्या, दारं-खिडक्या आणि गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या. गॅसच्या जोडाच्या कडेला निळी-जांभळी झाक यायची. ती आम्हा भावंडांना मोरपिसासारखी वाटे. पुढं आम्ही बी.एड. करून उर्दू शाळेत शिकवू लागलो, अब्बा थकले आणि दुकान बंद झालं.

गेल्या रमजान ईदला एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आयटीआयमधून वेल्डरचा कोर्स करून तो नाशिकजवळ ओझरला शिकाऊ कामगार म्हणून लागला होता. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा हा कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिला. पुढं तिथं सुखोई-३० विमानं तयार झाली, त्यांची मोठी दुरुस्तीही तिथंच होते. शिरखुर्म्याची वाटी त्याच्यापुढं सरकवत अब्बांनी विचारलं, "क्या बेटा, हवाई जहाज को भी अपने जैसाच टांका मारते क्या?"

पोरगा हसला. म्हणाला, विमानाच्या अंगाचं ॲल्युमिनियम बहुतेक अशा मिश्रधातूचं असतं, की वेल्डिंग केलं तर जोडाजवळ ते कमजोर होतं, तडकतं. म्हणून तिथं रिव्हेट मारतात. पत्र्याला चीर गेली आणि ती दुरुस्त करण्याजोगी असली, तर आधी चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडतात. टोकदार चीर पुढं पळते, गोल भोकाशी थांबते. मग वरून ठिगळ बसवतात.

"आणि टायटॅनियम?" आम्ही विचारलं.

"त्याचं वेल्डिंग होतं. पण तापल्यावर ते हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन शोषून ठिसूळ होतं. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंनी आर्गॉन वायू सोडावा लागतो. जोड चांदीसारखा चमकला तर ठीक. निळा पडला तर बाद."

"नीला हुआ तो बाद?" अब्बा पुटपुटले.

मग तपासणीचं निघालं. जिथं चिरेचा संशय असतो तिथला रंग आधी पूर्ण काढतात. मग रंगीत द्रव लावतात. तो चिरेत शिरतो. वरचा पुसून घेऊन पांढरी पूड मारली, की आतला द्रव वर येऊन रेघ उमटते. रंग तसाच ठेवला, तर द्रव आत शिरतच नाही.

अब्बांनी वाटी खाली ठेवली. पोरगा गेल्यावर बऱ्याच वेळानं ते बोलले.

आम्ही सातवीत असतानाची गोष्ट. हंगामाची घाई होती. एका ट्रॉलीच्या पुढच्या दांड्याला चीर होती. दांडा बदलायला हवा होता. अब्बांनी वरून झाळलं, ग्राइंडर फिरवला, लाल रंग मारून दिला. तिसऱ्या दिवशी भरलेली ट्रॉली चढावर सुटली. मागच्या मोटारसायकलवाल्याचा पाय गेला. मालकानं रस्त्यातल्या खड्ड्याला दोष दिला. "और मैं चुप रहा," अब्बा म्हणाले.

त्या वर्षापासून अब्बा जोडावर रंग मारत नसत, गिऱ्हाईक भांडलं तरी. आम्हाला वाटायचं, रंगाचे पैसे वाचवतात.

पुढच्या महिन्यात आम्ही निकालपत्रकं लिहायला बसलो. सहावीतल्या एका मुलाला उर्दूची एक ओळ सलग वाचता येत नाही, हे आम्हाला जूनपासून ठाऊक होतं. तरी चाचणीमागून चाचणी 'ब' श्रेणी लिहून आम्ही त्याला पुढं सरकवत होतो. या वेळी ते अक्षर हातून उतरेना. दुसऱ्या दिवशी त्याच्या अम्मीला शाळेत बोलावलं आणि आधी आमची चूक सांगितली. ती रागावली. तिचा राग रास्त होता.

सुटीत तो मुलगा रोज सकाळी आमच्या ओट्यावर येऊ लागला. पहिल्याच दिवशी तो एका शब्दापाशी अडला. आम्ही पुढचा शब्द सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाजेवरून अब्बांचा आवाज आला, "रुको. कहाँ से अटकता, वो पहले देखो."