शिकवता शिकवता रचलेलं

मेहकर, जि. बुलडाणा
श्रावण

चि. बाळास,


तुझं पत्र पोचलं. दिवसभर लोकांची मुलं शिकवायची आणि रात्री स्वतःसाठी पियानोवर बसायचं तर अंगात त्राण उरत नाही, नवं सुचणं तर थांबलंच, असं तू लिहिलंस. शिकवण्या माझं संगीत खाऊन टाकताहेत, हे तुझे शब्द. आणि त्याच कागदावर चार ओळी खाली शोपँच्या एत्यूदचा सराव चालू असल्याचं कळवलंस. मला राहून राहून वाटतंय की तुझ्या तक्रारीचं उत्तर तुझ्याच त्या बातमीत आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शोपँ मी तुझ्यामुळे ऐकू लागले आणि मिळेल तसं त्याच्याविषयी वाचलंही. पॅरिसला आला १८३१ साली, एकविसाव्या वर्षी. वॉर्सात त्याच्या माघारी उठाव झाला, रशियानं तो चिरडला, आणि हा पुन्हा मायदेशी गेलाच नाही. पोट कशावर भरलं? शिकवण्यांवर. दिवसाला चार-पाच विद्यार्थी, धड्याचे वीस फ्रँक. आयुष्यभरात जाहीर मैफली जेमतेम तीस. म्हणजे ज्याला जग पियानोचा कवी म्हणतं, त्याचे कामाचे दिवस तुझ्यासारखेच दुसऱ्यांच्या चुका ऐकण्यात गेले.

एत्यूद म्हणजे अभ्यासाचा धडा, हे तूच मला सांगितलंस. बोटांच्या कसरतीची पुस्तकं त्याच्या आधीही ढिगानं निघाली होती. त्यानं काय केलं, तर धड्यातली अडचण तशीच ठेवली आणि तिच्यातूनच गाणं काढलं. दहाव्या ओपसमधला दुसरा एत्यूद बघ. उजव्या हाताची शेवटची तीन बोटं सगळ्यांत दुबळी. अर्धस्वरांची धावती ओळ त्यानं नेमकी त्यांनाच दिली आणि दणकट बोटांना खाली साथीला बसवलं. पुढे १८३९ मध्ये मोशेलेस आणि फेतीस यांच्या शिकवणीच्या पुस्तकासाठी आणखी तीन एत्यूद लिहून दिले, तेही लोक आज मैफलीत वाजवतात. स्वतःही पियानोशिक्षणाचं पुस्तक लिहायला घेतलं होतं, ते टिपणांपुरतंच राहिलं. पण त्या टिपणांत मला फार आवडलेली एक गोष्ट आहे. सगळी बोटं सारखी करण्याचा खटाटोप त्याला मान्य नव्हता. प्रत्येक बोटाचा स्वभाव निराळा, तो जपावा असं त्याचं मत. नवख्याला तो सी मेजर आधी देत नसे. काळ्या पट्ट्यांवर लांब बोटं आपसूक बसतात म्हणून बी मेजर आधी, आणि सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांचं सी मेजर, जे आपण सोपं समजून पहिल्या दिवशी शिकवतो, ते हाताला सर्वांत अवघड म्हणून मागाहून. आणि विद्यार्थ्यांना सांगायचा, पियानो वाजवायचा असेल तर गवयांना ऐका. हे वाचून मला तो घरातलाच वाटू लागला.

पण मला लिहायचंय ते आपल्या माणसाविषयी. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, सगळे त्यांना अण्णासाहेब म्हणत. तू नाव ऐकलं असशील, कारण मी खामगावला शिकत होते तेव्हाची माझी वही तू लहानपणी चाळायचास. तिच्यात कितीतरी बंदिशींच्या अंतऱ्यात ‘सुजन’ ही मुद्रा, म्हणजे रचनाकाराची सही, येते. ते अण्णासाहेब. भातखंड्यांची मुद्रा ‘चतुर’, फैयाज खाँसाहेबांची ‘प्रेमपिया’, आणि या दोघांच्या शिष्याची ‘सुजन’.

जन्म मुंबईचा, एकोणिसावं शतक सरता सरता. वडील पोलीस खात्यात, पण गाण्याचे वेडे. सात-आठ वर्षांच्या पोराला कारवारकडच्या कृष्णंभटांकडे बसवलं. तिथं सरगम इतकी घोटून घेतली की स्वरज्ञान हाडीमाशी भिनलं. मग अनंत मनोहर जोशींकडे, आपले अंतुबुवा. आणि मग भातखंडे. भातखंड्यांनीच बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून देऊन त्यांना आग्रा घराण्याच्या फैयाज खाँसाहेबांकडे धाडलं. एकीकडे देशभर फिरून चिजा गोळा करणारा, त्या स्वरलिपीत बांधणारा, रागांचे थाट लावणारा पंडित. दुसरीकडे नोमतोम सुरू केली की सभा भारून टाकणारा उस्ताद. हे दोन प्रवाह एका गळ्यात असे त्याआधी क्वचितच आले असतील. मधल्या काळात कॉलेजही चालूच होतं. १९२६ साली मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झाले.

त्याच वर्षी लखनौला भातखंड्यांच्या प्रेरणेनं संगीत शिकवणारं मॅरिस कॉलेज सुरू झालं. अण्णासाहेब तिथं शिकवायला गेले, १९२८ मध्ये प्राचार्य झाले आणि जवळजवळ तीस वर्षं तिथंच राहिले. वय अठ्ठावीसच्या आसपास. फैयाज खाँसाहेबांचा गंडाबंद शागीर्द, आवाज तयार, मैफलींचा जमाना. अशा वयात माणूस मैफलीच्या मागे धावतो. हे वर्गात बसले.

आणि वर्गात बसल्यामुळेच रचनाकार झाले, असं माझं ठाम मत आहे. माझ्यापुरतं मी ते शिकवताना पडताळून पाहिलंय. समोर चाळीस मुलं आहेत, त्यांना एक राग द्यायचा आहे. आरोह-अवरोह सांगून राग पोचत नाही. वादी-संवादी फळ्यावर लिहून तर मुळीच नाही. घरंदाज चीज द्यावी तर ती कुणा बुजुर्गाच्या गळ्याच्या मापानं बेतलेली; तिच्यात रागाचं एखादं अंग डौलात दिसतं आणि दुसरं झाकलेलं राहतं. मग गुरुजीलाच बसून अशी बंदिश बांधावी लागते की मुखड्यातच रागाची ओळख पटेल, अंतरा तार षड्जाला जाताना रागाचीच वाट धरेल, आणि चालीतून पोराला न सांगता कळेल की या स्वरावर थांबायचं, त्या स्वराला नुसतं शिवून पुढे जायचं. तीनतालातला मुखडा खालीपासून, नवव्या मात्रेवरून उठला तर समेपर्यंत पोराच्या हाती आठ मात्रा असतात, ते निवांत पोचतं. तोच सातव्या किंवा बाराव्या मात्रेवरून उठवला की लयीचं भान आपोआप जागं होतं. ही पोरांची गरज ओळखून अण्णासाहेब बांधत गेले आणि जवळपास आठशे रचनांचं भांडार झालं. ख्याल, ध्रुपद, धमार, तराणे, लक्षणगीतं, भजनं. ‘अभिनव गीतमंजरी’चे तीन भाग त्यातूनच उभे राहिले.

यातल्या सगळ्या थोर आहेत असं मी म्हणणार नाही. काही नुसत्या नीटस आहेत, वर्गातलं काम करतात आणि संपतात. पण ज्या चांगल्या आहेत त्या इतक्या चांगल्या आहेत की मैफलीत त्या ऐकताना त्यांचा जन्म फळ्यासमोर झाला असेल हे कुणाच्या मनातही येत नाही.

आता तुझ्या कामाची गोष्ट. कर्नाटक संगीतात ‘वर्णम्’ नावाचा प्रकार आहे. त्यात रागाच्या सगळ्या महत्त्वाच्या जागा ओवलेल्या असतात, विद्यार्थ्याला तो आधी संथ आणि मग दुगुनीत घोटायला लावतात. आणि तोच वर्णम् मोठमोठे गवई कचेरीच्या सुरुवातीला गातात. शिकाऊ पोराचा धडा आणि विद्वानाच्या मैफलीचा आरंभ, रचना एकच. अण्णासाहेबांनी दक्षिणेकडचा हा प्रकार उचलला आणि आपल्या हिंदुस्तानी रागांत वर्णम् बांधले. शोपँनं एत्यूदचं जे केलं, त्याचं याहून जवळचं नातं मला आपल्या संगीतात कुठं दिसलेलं नाही. एक पॅरिसचा, एक लखनौचा, मध्ये शंभर वर्षं. एकमेकांशी काही संबंध नाही. दोघांनाही शिष्याच्या अडचणीतच रचना सापडली.

जोडरागांतही तेच. मार्गबिहाग, केदारबहार, सावनी केदार ही अण्णासाहेबांच्या नावावर सांगितली जाणारी रूपं. दोन राग एकत्र गाणं अवघड नसतं, सांधा न दिसू देणं अवघड असतं. ती जागा तोंडानं समजावता येत नाही. बंदिशीत बांधून टाकली की शिष्य ती शंभर वेळा घोकतो आणि सांधा त्याच्या गळ्यात बसतो.

शिष्य कसे निघाले बघ. कृष्ण गुंडोपंत गिंडे अकरा वर्षांचे असताना बेळगावकडून लखनौला गेले आणि अण्णासाहेबांच्या घरातच मुलासारखे वाढले. एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी, चिदानंद नगरकर, सुमती मुटाटकर, सगळे तिथलेच. व्हायोलिनवाले व्ही. जी. जोग त्याच परिवारातले. ‘बरसात की रात’, ‘ताज महल’चे संगीतकार रोशन मॅरिस कॉलेजचे विद्यार्थी. श्रीलंकेचे अमरदेव लखनौला शिकून गेले आणि आपल्या देशाचे लाडके गायक-संगीतकार झाले. यातला एकही दुसऱ्यासारखा गात नाही, वाजवत नाही. बोटांचा स्वभाव जपण्याचं शोपँ म्हणत होता, ते इथं गळ्यांच्या बाबतीत झालं.

पण तुझ्यापासून काही लपवायचं नाही. याची किंमत त्यांनी मोजली. त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रणं फार थोडी, बहुतेक आकाशवाणीकडची. त्यांच्याबरोबरीच्या गवयांची नावं घरोघरी गेली, अण्णासाहेब जाणकारांपुरते राहिले. आणि १९५२ नंतर आकाशवाणीनं कलावंतांच्या चाचण्या सुरू केल्या, त्या मंडळाची धुरा त्यांच्याकडे आली. बाळकृष्ण केसकर तेव्हा माहिती व नभोवाणी मंत्री. हयात मैफलीत घालवलेल्या बुजुर्गांना परीक्षेला बसवल्यासारखं वाटलं, मोठा रोष झाला, बहिष्कारापर्यंत गोष्ट गेली. मला अण्णासाहेबांविषयी एवढा आदर असूनही वाटतं की तिथं कलावंतांचं म्हणणं बरोबर होतं. वर्गाची मापं वर्गातच शोभतात. शिकवणाऱ्या माणसाला सगळं जग विद्यार्थी दिसू लागण्याचा धोका असतो, तो तूही सांभाळ.

१९५७ मध्ये पद्मभूषण मिळालं, आणि त्याच सुमारास ते खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. खैरागडला जायची वाट म्हणजे आपलीच की रे. मुंबईहून निघालं की मलकापूर, शेगाव, अकोला करत नागपूर, आणि पुढे राजनांदगावला उतरायचं. त्या काळात आपल्या जिल्ह्यातून ते कितीदा गेले असतील, आणि स्टेशनावरच्या कुणालाही ठाऊक नसेल की गाडीत कोण बसलंय. १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईला ते गेले.

तुला वाटेल, हे सगळे मोठ्यांचे दाखले झाले. तर परवाचंच सांगते. आपल्याकडे हरिनाम सप्ताह बसलाय. पखवाज शिकवणारे एक बुवा गेली बरीच वर्षं शेजारच्या गावातून येतात. त्यांच्याकडे एक मुलगा होता, त्याचा डावा हात जड, ‘धूम’ हा बोल लागला की पुढचा बोल उशिरा पडायचा. बुवांनी त्याला रागे भरण्याऐवजी धुमेनंतर मुद्दाम विसावा ठेवलेला एक तुकडा बांधून दिला. आता तो तुकडा इथली सगळी पोरं पावली खेळताना वाजवतात, आणि ऐकायला इतका सुरेख वाटतो की बाहेरून आलेले कीर्तनकार विचारतात, हा कुठला बाज? बुवांना आपण काही रचलंय असं वाटतही नाही. मी त्यांना म्हटलं, बुवा, वहीत उतरवून ठेवा. ते म्हणाले, पोरायच्या हातात हाये न, मंग वही कायले पायजे?

तरी तू वही घाल. तुझ्या पत्रातली ती नऊ वर्षांची मुलगी, जिचं चौथं बोट उचललं जात नाही आणि जी रडते, तिच्यासाठी आठ-बारा मात्रांचं काहीतरी लिही. त्या बोटाला जे झेपेल तेच द्यायचं, पण असं की तिला घरी जाऊन आईला वाजवून दाखवावंसं वाटेल. भूप घे हवा तर. पाचच स्वर, आणि काळ्या पट्ट्यांवर बसवलास तर शोपँच्या मताप्रमाणे हातही सुखात राहील. रात्री थकून स्वतःसाठी बसण्याआधी, दुपारी तिच्यासाठी बस. मग महिन्याभरानं मला कळव काय होतंय ते. रेकॉर्ड करून पाठवलंस तर मी माझ्या शिकवणीच्या मुलींना ऐकवीन, त्यांना पियानो माहीतच नाही.

आणि दिवाळीला येशील तेव्हा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात ‘अभिनव गीतमंजरी’चा दुसरा भाग मिळतो का बघ. माझ्या प्रतीची पानं सुटलीत, मधला एक फर्मा तर कुणा शिष्येनं नेला तो आलाच नाही. पैसे मी देईन, तू तुझ्या शिकवण्यांतले खर्चू नकोस.

तुझी,
आत्या