जपानची गोड सफर: इंद्रधनुषी कापूस ते अर्ध्या तासाची मिठाई

तुम्हाला गोड आवडतं, पण घरात अंडं चालत नाही? मग जपानी मिठायांचे व्हिडिओ पाहताना तुमचीही आमच्यासारखीच पंचाईत होत असेल. मांजराच्या आकाराचं पुडिंग, डोक्याहून मोठा रंगीत कापूस, सोन्याचा वर्ख गुंडाळलेलं आइस्क्रीम... मोबाइलवर सगळंच सुंदर दिसतं. त्यातलं आपल्याला काय चालेल, हे मात्र कुणी सांगत नाही.

गेल्या जूनमध्ये मी आईला घेऊन जपानला गेले. आम्ही बडोद्याचे. आई पक्की शाकाहारी आणि तितकीच गोडखाऊ. ‘तिथे मी खाणार काय?’ या एका प्रश्नावर तिने दोन वर्षं ही सहल टाळली होती. शेवटी मी शब्द दिला, नको ते काही तुझ्या पोटात जाऊ देणार नाही.

सुरुवात हाराजुकूपासून

टोकियोच्या यामानोते लाइनवरच्या हाराजुकू स्टेशनबाहेर पडलात की समोरच ताकेशिता स्ट्रीट लागते. गल्ली जेमतेम 350 मीटरची, पण गर्दी दिवाळीतल्या मंगळ बाजाराची आठवण करून देणारी. शनिवार-रविवार टाळा.

इथली खासियत म्हणजे क्रेप. धिरड्यासारखी पातळ पोळी शंकूसारखी गुंडाळायची आणि आत क्रीम, स्ट्रॉबेरी, कधी तर चीजकेकचा अख्खा तुकडा भरायचा! मेरियन क्रेप्स हे दुकान 1970 च्या दशकापासून या गल्लीत आहे. काचेमागे प्रत्येक प्रकाराचं हुबेहूब प्लास्टिकचं मॉडेल मांडलेलं असतं, त्यामुळे भाषा येत नसली तरी बोट दाखवून काम भागतं. पण क्रेपच्या पिठात अंडं असतं. आईने मॉडेलचे फोटो काढले आणि मुकाट्याने पुढे निघाली.

मग आली टॉटी कँडी फॅक्टरी. एकावर एक रंगांचे थर चढवलेला भलामोठा कापूस. आईने तो हातात धरला आणि हसत सुटली, ‘‘अगं, हे तर जत्रेतले म्हातारीचे केस!’’ खरंच की, नुसती साखर आणि रंग. गल्लीतला सर्वात अचाट पदार्थच सर्वात बिनधोक निघाला. एकच घ्या, दोघांनाही संपत नाही. आणि जूनमध्ये जपानात पावसाळा असतो, हे विसरू नका. आमचा कापूस छत्रीखालीच आटत गेला आणि शेवटी बोटांना चिकटलेलं रंगीत पाणी तेवढं उरलं.

जिथे मी चुकले

दुसऱ्या दिवशी एका कॅफेत मांजराच्या आकाराचं पांढरंशुभ्र पुडिंग दिसलं. बशी हलवली की थरथरणारं, अगदी व्हिडिओतल्यासारखं. अंडं नाही ना, एवढंच मी विचारलं. नाही म्हणाले. आईने दोन चमचे खाल्ले आणि मग मी भाषांतराच्या ॲपवर मेन्यूतली शेवटची बारीक ओळ वाचली. जिलेटिन. म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनलेलं.

सांगू की नको? क्षणभर वाटलं, गप्प बसावं. पण सांगितलं. आईने चमचा खाली ठेवला, पाणी प्यायली, काही बोलली नाही. रात्री हॉटेलवर तिने खाकऱ्याचा डबा उघडला.

म्हणून सांगते, दोन शब्द पाठ करून जा. ‘तामागो’ म्हणजे अंडं आणि ‘झेराचिन’ म्हणजे जिलेटिन. दोन्ही विचारा, एकावर थांबू नका. तिसरा शब्द आनंदाचा, ‘कांतेन’. म्हणजे समुद्री शेवाळापासून बनणारं, आपल्याकडचं चायना ग्रास.

जुन्या मिठायांकडे वळा

जपानच्या पारंपरिक मिठायांना वागाशी म्हणतात. तांदूळ, अझुकी नावाची लाल कडधान्यं, साखर आणि कांतेन यांवरच त्यातला बराचसा संसार चालतो. अनेकींत तर दूधसुद्धा नसतं. (डोरेमॉनचा लाडका दोरायाकी मात्र सोडा, त्यात अंडं असतं. मुलांना आधीच सांगून ठेवा.) आई लेबल मला दोनदा वाचायला लावून मगच खात होती. दाइफुकु, म्हणजे तांदळाच्या मऊ, चिवट पारीत भरलेलं अझुकीचं गोड पुरण, तिने डोळे मिटून चावलं. ‘‘मोदकच आहे. खोबरं घालायला विसरलेत.’’

सोन्याच्या वर्खाचं आइस्क्रीम कानाझावा शहरात मिळतं. जपानचा जवळपास सगळा सोन्याचा वर्ख तिथेच बनतो. बर्फीवरचा वर्ख खाल्लेल्या माणसाला चवीचं नवल वाटणार नाही. आम्ही तो फाटा सोडला.

त्याऐवजी यामानाशीतल्या होकुतो शहरात गेलो. शिंजुकूहून एक्स्प्रेसने कोबुचिझावापर्यंत सुमारे दोन तास, पुढे टॅक्सी. तिथे किनसेइकेन या मिठाईच्या दुकानात उन्हाळ्यात फक्त शनिवार-रविवारी ‘मिझू शिंगेन मोची’ मिळते. डोंगरातलं पाणी, शेवाळापासूनच्या पदार्थाने जेमतेम घट्ट केलेलं. आरपार दिसणारा, पाण्याच्या थेंबासारखा गोळा. सोबत काळ्या गुळाचा पाक आणि भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. 30 मिनिटांत खाल्लं नाही, तर तो विरघळतो. घरी नेणं शक्यच नाही. लवकर जा, संख्या मोजकी असते.

चव? जवळजवळ नाहीच. थंडगार पाणी जिभेवर मोडतं, मग गूळ येतो. एवढ्यासाठी दोन तास? मी तर पुन्हा जाईन.

‘‘यात ते नाही ना?’’ आईने विचारलं. मी दुकानात विचारून आले, वर ॲपवरही दाखवलं. मग फोन उभा धरून त्या थेंबाचा व्हिडिओ घेऊ लागले. आईने माझा हात खाली केला.

‘‘ठेव तो. विरघळेल. आधी खा.’’