फळ्यावरचा सतरा सप्टेंबर

मादन हिप्परगा, ता. आळंद
५ सप्टेंबर

चि. ताईस,


उमरग्याच्या तुझ्या शाळेत १७ सप्टेंबरचा परिपाठ तुझ्याकडे आलाय आणि फळ्यावर दिनविशेषाच्या चार ओळी हव्यात, असं तू लिहिलंस. वर तक्रारही केलीस की, ही यादी म्हणजे बाजारच्या दिवशीची एसटी; कुणाचा कुणाशी संबंध नाही, सगळे एकमेकांना खेटून उभे. तक्रार खरी आहे. पण त्या गर्दीत काही जण योगायोगाने चढलेत आणि काहींना कुणीतरी हाताला धरून आत बसवलंय. एवढं वेगळं काढता आलं की यादी बोलायला लागते.

आधी जन्म घे. १८७९ साली तमिळनाडूत इरोडला पेरियार ई. व्ही. रामसामी जन्मले आणि १८८५ मध्ये त्याच तारखेला पनवेलला केशव सीताराम ठाकरे, म्हणजे प्रबोधनकार. एकाने आत्मसन्मान चळवळ उभी केली, दुसऱ्याने १९२१ मध्ये ‘प्रबोधन’ पाक्षिक काढून हुंडा, बालविवाह आणि भिक्षुकशाही यांना झोडपलं. इतकी जवळची दोन डोकी एकाच तारखेची निघावीत, हा निव्वळ योगायोग. पुढचं मात्र तसं नाही. १९४९ मध्ये अण्णादुराई पेरियारांपासून वेगळे झाले आणि त्यांनी द्रविड मुन्नेत्र कळघम स्थापन केला, तो १७ सप्टेंबरलाच. भांडण गुरूशी आणि मुहूर्त गुरूच्या वाढदिवसाचा! तमिळनाडू सरकार २०२१ पासून हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतं.

मकबूल फिदा हुसेन यांची जन्मतारीखही हीच, साल १९१५ आणि गाव पंढरपूर. ज्यांनी पुढे मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलं आणि जगभर नाव काढलं, ते मूळचे विठोबाच्या गावचे, हे ऐकून पोरं जागी होतील. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचा जन्म १९५०चा, गुजरातेतल्या वडनगरचा. पुण्यतिथ्यांत दोन कवी आहेत. हसरत जयपुरी १९९९ मध्ये गेले. गाणी लिहायच्या आधी ते मुंबईत बसकंडक्टर होते. वसंत बापट गेले २००२ मध्ये. सेवादलाचे कार्यकर्ते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले कवी. एवढं झालं की मुख्य गोष्टीकडे ये.

१७ सप्टेंबर १९४८, शुक्रवार. चार दिवस आधी सोलापूरहून निजामाच्या हैदराबाद संस्थानावर निघालेली मेजर जनरल जयंतनाथ चौधरींची भारतीय फौज पहिल्याच दिवशी नळदुर्गला भिडली होती आणि मग तुमच्या उमरग्यावरून, आज ट्रक धावतात त्याच वाटेने, हुमनाबादकडे सरकली. १७ला पहाटे भारतीय फौज बीदरमध्ये शिरली. त्याच दिवशी हैदराबादचे पंतप्रधान लायक अली यांनी राजीनामा दिला आणि संध्याकाळी निजाम मीर उस्मान अली खान यांनी रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली.

आता जरा लांब बघ. याच शुक्रवारी जेरुसलेममध्ये काउंट फोल्के बर्नाडोट यांचा खून झाला. हे स्वीडनचे गृहस्थ पॅलेस्टाइनच्या भांडणात संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ होते. लेही नावाच्या ज्यू अतिरेकी गटाने त्यांची मोटार अडवून गोळ्या घातल्या. दिनविशेषाच्या यादीत या दोन ओळी एकाखाली एक येतात आणि वाचणाऱ्याला त्या परक्या वाटतात. पण हैदराबादने भारताविरुद्धची तक्रार ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रांकडे नेली होती आणि सुरक्षा समितीने ती पॅरिसमध्ये चर्चेला घेतली १६ सप्टेंबरला. म्हणजे आपल्या मुलखाचा प्रश्न आणि पॅलेस्टाइनचा प्रश्न त्या आठवड्यात एकाच दारात उभे होते. हैदराबादचा फौज निघाल्याच्या पाचव्या दिवशी निकालात निघाला. पॅलेस्टाइनचा अजून पेपरात येतो.

हैदराबाद नेमकं कोणत्या तारखेला सुटलं, असं एखाद्या चुणचुणीत पोराने विचारलं तर गडबडू नकोस. निजामाची घोषणा १७ची. सेनापती अल इद्रूस यांनी चौधरींपुढे रीतसर शरणागती पत्करली ती १८ला. संस्थान भारताच्या राज्यघटनेखाली आलं २६ जानेवारी १९५० रोजी, आणि तेव्हाही राजप्रमुख म्हणून निजामच होते. तीन तारखांतून लोकांनी आणि सरकारांनी पहिली उचलली, कारण त्या संध्याकाळी रेडिओभोवती गर्दी होती. कागदावरच्या सहीपेक्षा कानांनी ऐकलेली बातमी जास्त दिवस टिकते.

आपल्या भागात तर ती तारीख घराघरात वेगवेगळी आठवते. १९४८च्या मे महिन्यात बसवकल्याणजवळच्या गोरटा गावात रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद स्वयंसेवकांनी, दोनशेच्या आसपास माणसं मारल्याचं सांगितलं जातं. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी म्हणजे लातूरचाच वकील. गोरट्याकडच्या माणसाला १७ सप्टेंबर म्हणजे सुटकेचा श्वास. पण त्यानंतरच्या आठवड्यांत सूड उगवला गेला तो साध्यासुध्या मुसलमान कुटुंबांवर. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा सत्तावीस ते चाळीस हजारांच्या घरात धरला, आणि सर्वांत जास्त होरपळलेले म्हणून चार जिल्हे सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. तो अहवाल कितीतरी दशकं लोकांसमोर आला नव्हता. यातले पहिले तीन जिल्हे म्हणजे तुझं-माझं शेजारपाजार. तुझ्या वर्गात दोन्हीकडच्या घरांतली मुलं एकाच बाकावर बसत असतील. भाषण त्या दोघांनाही ऐकता येईल असं कर.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्यावर बोलशीलच. तेव्हा गावाच्या नावाचा घोळ आधी मिटव. स्वामीजींनी ज्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवलं ते हे गाव नव्हे. ते लोहाऱ्याकडचं, म्हणजे तुमच्याच बाजूचं. १९२१ साली ती शाळा सुरू झाली. इकडच्या हिप्परग्यात पाहुणे येऊन ‘स्वामीजींची शाळा कुठली’ म्हणून विचारतात आणि आमची माणसं चहा पाजून त्यांना वाटेला लावतात. पण स्वामीजींवर इकडचा हक्कही काही थोडाथोडका नाही. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३चा, विजयपूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. आणि १९५२ च्या पहिल्या लोकसभेत ते निवडून गेले ते गुलबर्ग्यातून. नांदेडला त्यांच्या नावाचं विद्यापीठ निघालं तेव्हा मुहूर्त धरला १७ सप्टेंबर १९९४चा. हा काही योगायोग नव्हे, हे सांगायला नको.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले आणि त्याबरोबर या तारखेचेही. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद मुंबई राज्यात गेले; गुलबर्गा, बीदर, रायचूर म्हैसूर राज्यात; तेलुगू जिल्हे आंध्रात. तुमच्याकडे १७ला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. इकडे पूर्वी हैदराबाद-कर्नाटक विमोचन दिन असायचा, २०१९ पासून कल्याण कर्नाटक उत्सव दिन. मोठं झेंडावंदन कलबुर्गीला, म्हणजे गुलबर्ग्याला. तेलंगणात २०२२ साली त्या वेळच्या सरकारने राष्ट्रीय एकता दिन केला, २०२४ मध्ये नव्या सरकारने प्रजा पालन दिन. आणि केंद्राने त्याच वर्षी हैदराबाद मुक्ती दिन जाहीर केला. सरकार बदललं की पाटी बदलते, मंडप तोच. आणि इथून जवळच्या अक्कलकोटात त्या दिवशी काहीच नसतं, कारण अक्कलकोट निजामाचं नव्हतंच. ते वेगळं संस्थान, आधीच मुंबई प्रांतात गेलेलं. सोलापूरकरांची तारीख १२ जानेवारी. १९३१ साली त्या दिवशी इंग्रजांनी सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं. उरलेला महाराष्ट्र त्याच तारखेला जिजाऊंची जयंती करतो आणि देश विवेकानंदांची.

वाढदिवसांचा विषय निघालाय तर पोरांकडून वर्गातच एक हिशेब करून घे. एका खोलीत २३ माणसं असली की त्यांतल्या कुठल्या तरी दोघांची जन्मतारीख एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. ४० असली तर जवळजवळ ८९ टक्के. कारण तुलना एकाची सगळ्यांशी नसते, प्रत्येकाची प्रत्येकाशी असते, आणि २३ जणांत अशा जोड्या २५३ होतात. मात्र हा हिशेब आजच्या पोरांवरच कर, त्यांच्या आज्यांवर करू नकोस. कारण गावच्या जुन्या दाखल्यांत निम्मं गाव १ जूनला जन्मलंय. पोरगं उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरू शकलं की गुरुजी म्हणायचे, झालं सहा वर्षांचं. आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून तारीख टाकायचे १ जून. घरच्यांना विचारलं तर उत्तर यायचं, ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’ किंवा ‘रझाकाराच्या साली’. मग त्याच १ जूनने नोकरी लागायची आणि त्याच तारखेच्या हिशेबाने आख्खी बॅच एकदम रिटायर व्हायची. फोनवर शुभेच्छांचा पाऊस पडतो तोही १ जूनलाच, मिरगाच्या आधी.

‘रझाकाराच्या साली’ म्हणणाऱ्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या हातात इंग्रजी तारीख होतीच कुठे? निजामी कागदांवर फसली सन चालायचा. आजूर, दय, बहमन असे इराणी महिने, आणि आपण ज्याला सप्टेंबर १९४८ म्हणतो ते १३५७ फसली. घरात चालायचं पंचांग. आणि पंचांग उघडलं तर १७ सप्टेंबर १९४८ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवायचा दिवस आणि निजामाची घोषणा एकच.

इथे गणिताच्या गुरुजींना सोबत घे. तिथी आणि तारीख यांची गाठ साधारण १९ वर्षांनी पुन्हा पडते, कारण १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्रमास यांच्यात फरक उरतो तो जेमतेम दोन तासांचा. म्हणून २००५ मध्ये अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला आली आणि २०२४ मध्येही. ज्याचा जन्म या तिथीचा, त्याने आपल्या एकोणिसाव्या, अडतिसाव्या, सत्तावन्नाव्या वाढदिवसाला कॅलेंडर आणि पंचांग शेजारीशेजारी ठेवून बघावं.

तुमच्या तालुक्याला मात्र याहून जवळची गोष्ट सांगता येईल. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना. गणपती विसर्जित करून दमलेली माणसं नुकती झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं ओझं असलेली धाबी बसली, आणि लातूर-उस्मानाबादकडची आठ ते दहा हजार माणसं त्याखाली गेली. आपला वार सूर्योदयापासून मोजतात, तेव्हा ती पहाट आदल्या दिवसाच्याच खात्यात, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या. इंग्रजी दिनविशेषात १७ सप्टेंबर आणि ३० सप्टेंबर कधी एका पानावर यायचे नाहीत. आपल्या आज्यांच्या दिनविशेषात निजाम पडला आणि किल्लारी पडली तो दिवस एकच.

तर फळ्यावर अशा चार ओळी लिही. पहिली: १९४८, निजामाची युद्धबंदीची घोषणा, शरणागती दुसऱ्या दिवशी. दुसरी: १९४८, जेरुसलेममध्ये बर्नाडोट यांचा खून. तिसरी: जन्म, पेरियार, प्रबोधनकार, हुसेन. चौथी: पुण्यतिथी, वसंत बापट. खाली जागा राहिली तर नांदेडचं विद्यापीठ. अनंत चतुर्दशीचं फळ्यावर नको, तोंडीच सांग. आणि प्रत्येक पोराला घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा जन्म कधीचा, हे विचारून यायला सांग. दाखल्यावरची तारीख नको, ती व्यक्ती स्वतः सांगेल तसं, तिच्याच शब्दांत वहीत उतरवायचं. किती १ जून निघतात आणि किती पोळे, ते मला कळव. आमच्या इकडच्या शाळेतही तेच करून घेतो, मग दोन्ही वह्या ताडून पाहू. काकूने शेंगाचटणी केलीय, शनिवारच्या आळंद-उमरगा गाडीने कंडक्टरकडे देतो. स्टँडवर कुणाला तरी पाठव.

तुझा,
काका