अंगात येणारी कायनेटिक

आत्याची कायनेटिक होंडा आजारी पडली की मरगळत नाही, उधळते. मूठ सोडली तरी इंजिनाचा आवाज खाली येत नाही. रेस चढलेली असली की तिचा सेंट्रिफ्यूगल क्लच आपणहून पकडतो, त्यामुळे इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत ब्रेक दाबून उभी केली तरी पुढच्याच्या सायकलीवर रेलायला बघते. अंगात आल्यासारखीच वागते म्हणा ना! गल्लीतली मुलं म्हणतात, "क्या पिकअप है, आंटी!" आणि आत्या खूश.

गाडी तशी इथलीच, माहेर पीथमपूरचं. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक इंजिनिअरिंग आणि जपानची होंडा १९८४ साली एकत्र आल्या आणि पुढे इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यातून ही स्कूटर निघू लागली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, गिअर नाहीत, क्लचची मूठ नाही, बटण दाबलं की चालू. त्या काळी स्कूटर म्हणजे पुरुषांचं वाहन. आधी ती एका अंगाला कलवायची, मग किक मारत बसायचं. हिला असलं काही चालत नव्हतं. पुढे सपाट जागा, तिथे भाजीची पिशवी ठेवायची, साडीच्या निऱ्या आवरायच्या आणि निघायचं. आत्या नोकरीला हिच्यावरून गेली, माहेरी हिच्यावरून आली आणि काकांनाही मागे बसायची सवय लागली. १९९८ मध्ये होंडाने भागीदारीतून अंग काढून घेतलं, पण आत्या आजही हिला 'होंडा'च म्हणते. कायनेटिकवाल्यांनी मनावर घेऊ नये.

तर दुखणं काय? कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला आखूड पाइप म्हणजे मॅनिफोल्ड. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा, असा हिशेब जमवून कार्बोरेटर मिश्रण पाठवतो आणि इंजिन ते ओढून घेतं. मधल्या सांध्याचं पॅकिंग फाटलं की इंजिन तिथूनही हवा ओढतं, आणि त्या चोरट्या हवेचा कार्बोरेटरला पत्ताच नसतो. मिस्त्री म्हणतात, "हवा घेतेय." मूठ बंद असतानाही वरची हवा मिळाल्यामुळे रेस चढते, पेट्रोल कमी पडल्यामुळे इंजिन तापतं. लोक जिला पिकअप म्हणत होते, ती पिस्टन जाम व्हायची पूर्वतयारी होती. प्लग काढला तर टोक पांढरंफटक. चालू इंजिनाच्या सांध्यावर साबणाचं पाणी सोडलं, तर ते आत ओढलं गेलं आणि आवाज क्षणभर गडबडला. काही मिस्त्री याच कामाला पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर तो शहाणपणा घरी करू नये.

बाजूची कव्हरं काढली, पेट्रोलचा पाइप आणि केबल सोडवली, कार्बोरेटर बाजूला घेतला. मॅनिफोल्ड उचकटला, तेव्हा कुण्या जुन्या मिस्त्रीची करामत दिसली. पॅकिंग म्हणून त्याने लग्नपत्रिका कापून बसवली होती! पेट्रोलने भिजून तिचा लगदा झाला होता, तरी एका कोपऱ्यात 'चि. सौ. कां.' एवढं शाबूत होतं. पुढचं नाव इंजिनाने गिळलं होतं.

इथे घाई करायची नाही. आधी इंजिनाच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं, म्हणजे खरवड आत रीड व्हॉल्व्हच्या पातळ पात्यांवर पडत नाही. मग ब्लेड आडवं धरून जुना थर काढायचा. ॲल्युमिनियम मऊ असतं, ओरखडा उठला की तिथून पुन्हा हवा. मॅनिफोल्डचं तोंड काचेवर पालथं घातलं, तर एका बाजूने डुगडुगत होतं. काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून त्यावर ते गोल गोल घासलं, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत. नवं पॅकिंग शीट त्या तोंडावर धरून कडेकडेने छोट्या हातोडीने हलकेच ठोकत गेलं, की कड आपोआप उमटते आणि त्या रेघेवर कागद तुटून येतो. बोल्टची भोकंही तशीच. हे काम मला विलक्षण आवडतं. मोजपट्टी लागत नाही, खालचा धातूच आपलं माप देतो. सीलंटचा अगदी पुसट हात पुरे. जास्त झालं तर ते आत ओघळतं. बोल्ट आलटून पालटून आवळायचे, एकच बाजू आधी गच्च केली की सांधा पुन्हा वाकडा.

फडकं काढायचं विसरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

बटण दाबल्यावर ती चालू झाली आणि मूठ सोडताच आवाज मुकाट खाली आला. स्टँडवर मागचं चाक फिरायचं थांबलं. दोन-चार दिवस चालवून प्लग पुन्हा पाहिला, तर कॉफीच्या रंगाचा, हवा तसा.

आत्या रामबागेतून एक चक्कर मारून आली. गाडी उभी केली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "काय केलंस रे हिला? पिकअप तर पार खतमच करून टाकलास!"