दारं धरणारा ट्रान्झिस्टर

मंडळी, २००१ साली मी सांगलीहून अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस. करायला आलो आणि आपल्यातल्या अनेकांप्रमाणे पोटापाण्यासाठी आयटीत शिरलो. सोल्डरिंग गन बेसमेंटमधल्या खोक्यात गेली ती गेलीच. "बाबा दिवसभर फक्त मीटिंग करतो," हे माझ्या मुलाचं माझ्याबद्दलचं मत.

२०२४ च्या गणपतीत त्याने मखराला एलईडी लावले. तीन-तीन पांढऱ्या एलईडींच्या माळा, १२ व्होल्टचा पुरवठा आणि प्रत्येक माळेला ३५० मिलिअँपिअरचा ड्रायव्हर. आरतीच्या वेळी उजेड समईसारखा मंद व्हावा, ही त्याची कल्पना. घरात सगळ्यांना आवडलं. पण सांगलीहून व्हिडिओ कॉलवर दर्शन घेणारी माझी आई म्हणाली, "अरे, बाप्पाच्या अंगावरून काळे पट्टे का सरकतायत?" पोराचा चेहरा उतरला. आजीला दाखवायलाच तर सगळा खटाटोप होता!

एलईडी मंद करायचा तर तो भराभर चालू-बंद करतात. आमचा वेग होता सेकंदाला २०० वेळा. डोळ्याला सरासरी उजेड दिसतो. फोनचा कॅमेरा मात्र चित्र ओळीओळीने टिपतो आणि काही ओळी अंधारात सापडतात. वेग २०,००० वर नेला, तर मंद उजेड गायबच झाला. कारण ड्रायव्हर बंद करून पुन्हा चालू केला की त्याच्या १०० मायक्रोहेन्रीच्या कॉइलमध्ये प्रवाह भरायला सुमारे १५ मायक्रोसेकंद लागत होते. पाच टक्के उजेडासाठी हाती होते फक्त अडीच!

तेव्हा मला आजोळचा ऊस आठवला. मोटर बंद केली तर पाट पुन्हा भरेपर्यंत खोळंबा. म्हणून अण्णा, माझे आजोबा, मोटर चालूच ठेवून दारं धरायचे. खोऱ्याने माती ओढली की तेच पाणी क्षणात दुसऱ्या सरीत.

आम्ही तेच केलं. ड्रायव्हर चालूच ठेवला आणि एलईडीच्या माळेला समांतर एक मॉसफेट ट्रान्झिस्टर जोडला. तो चालू झाला की प्रवाह त्याच्यातून जातो, माळ विझते. बंद झाला की कॉइलमधला तयार प्रवाह लगेच माळेत येतो. माळ विझलेली असतानाही ड्रायव्हर चालू राहतो, त्यामुळे थोडी वीज वाया जाते, एवढंच.

पहिल्या प्रयत्नात ट्रान्झिस्टर हाताला चटका बसेल इतका तापला. माळेला समांतर असलेला कपॅसिटर काढायला मी विसरलो होतो. दर वेळी तो ट्रान्झिस्टरमधून रिकामा होत होता. ही चूक मुलाने शोधली, मी नव्हे.

रात्री पुन्हा कॉल लावला. पट्टे गेले होते. आईने हात जोडले. मी तिला अण्णांच्या पाटाची गोष्ट सांगितली, तर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अण्णांना कळलं असतं तर फार हसले असते रे."

मुलाने मला विचारलं, "बाबा, दारं धरणं म्हणजे नक्की काय?" पुढच्या सुट्टीत त्याला मळ्यावर नेऊन दाखवायचं ठरलं आहे. गणपती बाप्पा मोरया!