संत्र्याचं मलय सार

सक्करदरा, नागपूर
फेब्रुवारी

चि. मुक्ता हिस,


क्वालालंपूरहून तू पाठवलेली फळांच्या सुपाची कृती मिळाली. त्यातली पांदानची पानं, लिमाऊ पुरुतची पानं आणि गुला मलाका काही आपल्या बुधवारी बाजारात मिळत नाहीत, म्हणून कुरिअर करते म्हणालीस. नको करूस. कुठला जिन्नस त्या पातेल्यात काय काम करतो एवढं उमगलं की त्याच्या जागी कोणाला बसवायचं ते सुचतं. मी सूप केलं, घरात आवडलं, आणि आता ते कसं जमलं ते ऐक.

पांदानचं काम वासाचं. त्याच्या पानाला जो वास येतो, तोच सुवासिक तांदळाला येतो. दोन्हींतलं वास देणारं मुख्य द्रव्य एकच आहे. मग भंडाऱ्याकडचा चिन्नोर घरात असताना पानासाठी समुद्र कशाला ओलांडायचा? मूठभर चिन्नोर धुऊन पांढऱ्या फडक्यात सैल बांधला आणि ती पुरचुंडी नारळाच्या पातळ दुधात सोडली. लिमाऊ पुरुतच्या जागी लिंबाची दोन कोवळी पानं चुरगळून टाकली. गवती चहा तर कुंडीतच आहे. तुमच्याकडे त्याचा बुडाचा पांढरा दांडा ठेचून घालतात, आपण पातीचा चहा करतो. मी या वेळी दोन्ही घातलं. सोबत आल्याचा तुकडा, दालचिनी आणि एक चक्रीफूल. मलय स्वयंपाकात दालचिनी, लवंग, वेलदोडा आणि चक्रीफूल यांना चार भावंडं म्हणतात, असं तूच लिहिलंस. ही चारही भावंडं इतवारीच्या किराणा ओळीत कधीचीच नांदताहेत, आपण त्यांना फक्त मटणाच्या रश्श्यात नाहीतर मसालेभातात पाठवतो.

गुला मलाका म्हणजे माडाच्या रसाचा गूळ. कोकणातून कोणी येणार असेल तर तसाच गूळ मागवता येतो. नाहीतर आपला उसाचा काळसर गूळ घ्यायचा आणि थोड्या पाण्यात वितळवून खरपूस वास येईपर्यंत आटवायचा. मग गाळून गार करायचा. गरम दुधात गूळ थेट टाकला तर दूध फाटायची भीती असते.

आता संत्रं. सध्या मृग बहाराचा माल आला आहे, म्हणून सूप संत्र्याचंच करायचं ठरवलं. पण नागपूरच्या संत्र्याची एक खोड लक्षात ठेव. त्याचा रस काढून ठेवला किंवा उकळला की कडवट होतो. बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यांत एक बेचव द्रव्य असतं. रसाच्या आंबटपणात त्याचं लिमोनिन बनतं, आणि ते कडू. उष्णतेने हे आणखी लवकर होतं. म्हणून संत्रं आचेवर चढवायचंच नाही. फोडी सोलून, बिया काढून थंड करून ठेवायच्या आणि वाढताना गार सुपाच्या वाटीत घालायच्या. आंबट रस गरम नारळदुधात पडून ते फुटण्याचा धोकाही तेवढ्याने टळतो.

दूध नारळाचंच हवं. गाईच्या दुधात कच्चा अननस किंवा पपई पडली की त्यांतले पाचक रस दुधातली प्रथिनं तोडतात आणि दूध कडू होतं. नारळाच्या दुधात प्रथिनं थोडी, तिथे हा त्रास नाही. एका नारळाचं दाट दूध वाटीभर वेगळं काढलं; पातळ दूध मसाल्यांसह मंद आचेवर ठेवलं, उकळू दिलं नाही. त्यातच घट्टसर केळ्याचे काप दोन-तीन मिनिटं शिजवले. मग पुरचुंडी आणि मसाले काढून टाकले, आच बंद केली, गार झालेला गूळ आणि शेवटी दाट दूध घातलं. आणि चिमूटभर मीठ. हे मीठ विसरू नकोस. तुमच्याकडच्या नारळाच्या गोडात ते असतंच, आणि त्याच्याशिवाय हे सगळं नुसतं गुळवणी होतं.

वर शिजवलेला साबुदाणा. मूळचा साबुदाणा तुमच्याच भागातला, सागो पामच्या खोडातल्या पिठाचा. आपण खातो तो टॅपिओकाच्या कंदाचा. १९४० च्या दशकात तमिळनाडूतल्या सेलमला तो बनू लागला. मणी दिसताच आजीने फर्मावलं, "हे तं उपासाले चालते बाप्पा!" चिन्नोरची पुरचुंडी आणि मसाले वगळले तर तिचं म्हणणं खरंही आहे: नारळ, गूळ, केळं, संत्रं, साबुदाणा. एकादशीला आता तेच होणार.

तू म्हणशील, मग यात मलय काय उरलं? मला वाटतं, बरंच. गोडात मीठ, दुधात गवती चहा, फळासोबत चक्रीफूल ही जुळणी तिकडची आहे. मला ती कधी सुचली नसती. जिन्नस तर फिरतेच असतात. ज्या संत्र्यावर आपण मिरवतो, त्याची रोपं दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादहून आणून आपल्या बागेत लावली, असा इतिहास सांगतात. आज भोसल्यांच्या वाड्याच्या या सक्करदऱ्यात त्याला परकं म्हणून बघ. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही नागपूरचं म्हणूनच.

आता तुझ्यासाठी काम. मे महिन्यात इथे संत्रं संपलेलं असेल, पण गार सुपाची खरी गरज तेव्हाच. मी खरबूज घालून बघणार आहे, पण त्याला आंबटपणा नाही. तुमच्या शेजारणी गोड फळासोबत आंबटाला काय घालतात ते विचारून कळव. वस्तू पाठवू नकोस, फक्त ती काय काम करते ते लिही. बाकीचं मी इथे जमवते.

तुझी,
मावशी